पावलांची विचारपूस

आपल्या संस्कृतीत पायांना केवढा मान! देवाचे दर्शन घ्यावयाचे ते चरणांचे, थोरांना वंदन करावयाचे ते पाया पडून, आणि आषाढीच्या वारीत पालखीत विराजमान होतात त्याही पादुकाच. आळंदीच्या त्या सोहळ्यात मानाने चालणारे माऊलींचे अश्व आपल्या बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून निघतात, हे सीमाभागातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु दुसऱ्यांच्या चरणांविषयी इतका आदर बाळगणारे आपण स्वतःच्या पायांकडे दिवसाकाठी एकदा तरी पाहतो काय? चेहऱ्यासाठी घरोघरी आरसा असतो, केसांसाठी तेल-फणी असते. पाय बिचारे सर्वांत खाली, म्हणून त्यांची पाळीही सर्वांत शेवटी. ते दुखू लागले म्हणजे मग कुठे आपली दृष्टी त्यांच्याकडे वळते. आणि ज्यांचे पाय दुखावयाचेच थांबले आहेत, त्यांची दृष्टी तर तेव्हाही वळत नाही. या लेखात पायांच्या रोजच्या निगेविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेतच. परंतु आमचा खरा रोख या शेवटच्या मंडळींकडे आहे.

एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२. म्हणजे शरीरातील एकूण २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा हाडे नुसत्या पावलांत सामावलेली आहेत. त्यांना जोडणारे सांधे, स्नायुबंध, तळव्याची जाड कातडी आणि तिच्याखालची चरबीची गादी अशी ही रचना जन्मभर आपला भार वाहते. या सर्व यंत्रणेवर निसर्गाने एक पहारेकरी नेमला आहे, त्याचे नाव वेदना. पायाखाली खडा आला की आपण नकळत पाऊल उचलतो. एका पायावर फार वेळ उभे राहिलो की दुसऱ्यावर भार देतो. हे सारे त्या पहारेकऱ्याच्या हाकेसरशी घडते.

नवी कोल्हापुरी पायतली की पहिले चार दिवस ती चावते, हा आपणा सर्वांचा अनुभव. ही चप्पल नावाने कोल्हापुरी असली तरी तिचे माहेर आपल्याही भागात आहे. अथणी-निपाणीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ती घडवीत आले आहेत. २०१९ साली तिला मिळालेले भौगोलिक मानांकन जाहीर झाले, तेव्हा त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या जिल्ह्यांचाही समावेश होता. बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले कातडे, खिळ्यांऐवजी कातडी वादीची शिवण, असे हे अस्सल हातकाम. कातडे कडक असते म्हणून ते आधी चावते आणि तेल पाजून, वापरून मऊ झाले की मग वर्षानुवर्षे साथ देते. चप्पल चावते तेव्हा आपण कुरकुरतो. परंतु ते चावणे कळते हेच मोठे भाग्य होय. ते कळेनासे झाले म्हणजे काय होते, त्याची एक हकीकत सांगतो.

आमच्या नात्यातील एक निवृत्त शिक्षक. आपण त्यांना आप्पा म्हणू. पंधरा वर्षांचा मधुमेह, पण गृहस्थ मोठे नेमस्त. पहाटे फिरणे, बेताचे जेवण, वेळेवर गोळ्या. पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवी चप्पल घातली आणि दिवसभर पाहुण्यांची उठबस केली. रात्री घरी आल्यावर सुनेला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. "आप्पा, पायाला काही लागलं का हो?" असे तिने विचारले, तर ते म्हणाले, "नाही ग, मला काहीच दुखत नाही. मग जखम कसली असणार?" चपलेच्या अंगठ्यापाशी कातडी सोलवटून निघाली होती. दुखत नाही म्हणून त्यांनी तिच्यावर हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चप्पल घालून फिरावयास गेले. आठवडाभरात बोट काळवंडले, ताप भरला, आणि अखेर पाऊल वाचविण्यासाठी शस्त्रवैद्यांना ते बोट काढावे लागले. आप्पा आज हिंडतात-फिरतात, ही देवाची कृपा. परंतु "मला काहीच दुखत नाही" हे वाक्य मधुमेही माणसाच्या तोंडी किती घातक ठरू शकते, हे त्या घरातील लहानथोरांना कायमचे उमगले.

वेल्लोरचा धडा

हे ज्ञान वैद्यकशास्त्राला बऱ्याच अंशी आपल्याच देशात झाले, आणि तेही कुष्ठरोग्यांच्या सेवेतून. डॉ. पॉल ब्रँड हे तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले इंग्रज शस्त्रवैद्य १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाले. कुष्ठरोगात हातापायांची बोटे रोगानेच सडून गळतात, अशी त्या काळी सर्वत्र समजूत होती. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले तेव्हा निराळेच सत्य हाती आले. रोगाने मज्जातंतू बधिर होतात. मग चुलीचा चटका लागतो, काटा रुततो, खिळा घुसतो, पण रुग्णाला कळत नाही. तो तशाच जखमी पायावर चालत राहतो, जखम चिघळते आणि बोटे जातात ती या दुर्लक्षित जखमांपायी. पुढे १९६६ साली ते अमेरिकेत गेले, आणि बधिर पायाच्या रक्षणाचे हेच धडे तेथे मधुमेही रुग्णांसाठीही उपयोगी पडले.

दीर्घकाळ वाढलेली साखर मज्जातंतूंची हानी करते. आधी पायांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते, आणि मग हळूहळू काहीच वाटेनासे होते. कित्येकांना तर मुंग्यांची पूर्वसूचनाही मिळत नाही. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तर जखमेला पुरेसे रक्त पोचत नाही आणि ती भरून येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. शेजारच्या गोव्यात तर प्रौढांपैकी शंभरांत २६ जणांना तो आढळला. मधुमेही व्यक्तींपैकी निदान पाचांतून एकीला आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाची जखम गाठते, असे तज्ज्ञ सांगतात. यावरून हा प्रश्न कुणा एका आप्पांचा नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

मग यावर उपाय काय? पहारेकरी झोपी गेला तर घरधन्याने स्वतः गस्त घालावी. जे काम वेदना करीत होती ते आता डोळ्यांनी व हातांनी करावयाचे.

पाय धुण्याची जुनी रीत

आपल्या जुन्या घरांत अंगणाच्या कडेला किंवा पडवीत पाण्याची घागर आणि तांब्या असे. बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडावयाचा नाही, असा दंडक होता. आपण त्यास सोवळ्याओवळ्याचा भाग समजलो आणि घरे बदलली तशी ती रीतही सोडून दिली. ती पुन्हा सुरू करावी असे आम्ही आग्रहाने सुचवितो. मात्र तीत दोन गोष्टींची भर घालावी: पाय कोरडे करणे आणि पाय पाहणे.

पाणी साधे वा कोमट असावे. कढत पाण्यात मीठ घालून पाय शेकत बसण्याची आवड पुष्कळांना असते. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी ती वर्ज्यच करावी. पाणी किती गरम आहे हे पायाने न अजमावता कोपराने अजमावावे, अथवा घरातील दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यावे. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणे किंवा शेगडीपाशी पाय पसरून बसणे यानेही, न कळता, मोठे फोड आलेले आहेत.

धुतल्यावर मऊ फडक्याने पाय टिपावेत, आणि बोटांच्या बेचक्यांतून फडके आठवणीने फिरवावे. तेथे ओल राहिली की बुरशी धरते. कातडी पांढरी पडून फाटते, खाज सुटते, यालाच आपण चिखल्या म्हणतो. खानापूरकडच्या धो धो पावसात भातलावणीस उतरणाऱ्या भगिनींना हा त्रास दरवर्षीचाच. दिवसाचे काम संपताच पाय धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम त्यांनी सांगितले तितके दिवस लावावे. खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नये. दुकानातून कुणाच्याही सांगण्यावरून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज तेवढी लगेच थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. चिखलात काम केल्यानंतर काही दिवसांनी ताप आला तर ते कामही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, फाटलेल्या कातडीवाटे, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात.

आता पाहणे. उजेडात बसून दोन्ही पावले वरून, खालून, टाचेकडून आणि बोटांच्या मधून पाहावीत. वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यात तळवा पाहावा. दृष्टी अधू असेल तर मुलाने, सुनेने वा नातवंडाने पाहावे. फोड, चीर, लाली, सूज, कातडीचा बदललेला रंग, रुतलेला काटा, यांपैकी काही आहे का ते बघावे. एका पायाला हात लावून दुसऱ्याशी ताडून पाहावे. एक पाऊल दुसऱ्याहून गरम लागत असेल, लाल होऊन सुजले असेल आणि दुखत मात्र फारसे नसेल, तर त्यावर भार न देता त्वरित डॉक्टरांना गाठावे. बधिर पायातील हाडे आतून खचू लागल्याची ती खूण असू शकते. या सगळ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

भेगा, नखे आणि भोवऱ्या

तळव्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात, म्हणून थंडीवाऱ्यात ती लवकर कोरडी पडते आणि टाचांना भेगा पडतात. आपल्या आज्या रात्री कोकमतेल पातळ करून भेगांत भरीत, ते योग्यच होते. व्हॅसलीन, खोबरेल किंवा डॉक्टरांनी सुचविलेले युरियायुक्त मलमही चालेल. पाय धुऊन टिपल्यावर लगेच लावावे, म्हणजे कातडीतील ओलावा आतच राहतो. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल वा मलम भरू नये. 'अष्टांगहृदया'च्या दिनचर्येत डोके, कान व पाय यांना विशेषेकरून तेल लावावे असे सांगितले आहे, आणि पादत्राणे घालूनच बाहेर पडावे असेही सांगितले आहे. पहिला उपदेश आपण लक्षात ठेवला, दुसरा पुष्कळांनी सोडला! काशाच्या वाटीने तळवे घासण्यास निरोगी माणसास कोणतीच हरकत नाही. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी मात्र वाटी आणि वज्री दोन्ही जपून वापरावीत. खसाखसा घासून कातडी सोलणे हिताचे नव्हे.

नखे स्नानानंतर, मऊ असताना, सरळ रेषेत कापावीत. कोपरे खोल कोरले की नख मांसात वाढते आणि नखुरडे होते. ब्लेड वापरू नये. अंगठ्याचे नख पुरते नवे येण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणून नखाला बुरशी लागल्यास उपचारही धीराने घ्यावे लागतात.

भोवरी किंवा कुरूप म्हणजे कातडीवर सतत पडणाऱ्या दाबाने धरलेला घट्टा होय. दाब कायम ठेवून घट्टा कापणे व्यर्थ आहे. तो पुन्हा येतो. आधी पादत्राण बदलावे. भोवरीवर लावावयाच्या पट्ट्यांत कातडी जाळणारे आम्ल असते. मधुमेही व्यक्तींनी त्या लावू नयेत, आणि घरी पात्याने भोवरी कापण्याचे धाडस तर मुळीच करू नये.

पादत्राण कसे घ्यावे

दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून चप्पल-बूट संध्याकाळी घ्यावेत. माप उभे राहून आणि दोन्ही पायांचे द्यावे, कारण दोन्ही पावले क्वचितच अगदी सारखी असतात. कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवावी आणि तो कागद कापून दुकानात न्यावा. बुटाच्या तळाशी तो ठेवून पाहिला आणि कडा दुमडल्या तर तो बूट आपला नव्हे. सर्वांत लांब बोटापुढे अर्ध्या इंचाची जागा असावी. 'घालून घालून सैल होईल' या दुकानदाराच्या आश्वासनावर विसंबू नये. लहान मुलांचे पाय झपाट्याने वाढतात, तेव्हा शाळेचे बूट दर तीन महिन्यांनी तपासावेत, आणि पावसाळ्यात मोज्यांचे दोन जास्त जोड ठेवावेत.

पाय बधिर असलेल्यांनी अंगठ्याची कडक चप्पल सोडावी, हे आम्ही अथणीच्या कारागिरांविषयी पूर्ण आदर बाळगून सांगतो. त्यांना मऊ तळाचे, पुढून झाकलेले आणि मागे पट्टा असलेले पादत्राण हवे. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या, 'एम.सी.आर.' नावाने मिळणाऱ्या चपला याच हेतूने बनविलेल्या असतात. नवे पादत्राण पहिल्या दिवशी तासभरच घालावे आणि मग पाय तपासावे. घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावे व आत हात फिरवावा. खडा, खिळ्याचे टोक वा दुमडलेले अस्तर हाताला कळेल, पायाला कळणार नाही. घरातही अनवाणी चालू नये. बाहेरची चप्पल घरात नको असेल तर घरासाठी वेगळी स्वच्छ जोडी ठेवावी. त्याने देवघराचे पावित्र्य बिघडत नाही.

नवरात्रातील अनवाणी राहण्याचे व्रत किंवा सौंदत्तीच्या यल्लमा डोंगराची वारी हा श्रद्धेचा विषय आहे आणि तेथे आम्ही कोणास उपदेश करू इच्छित नाही. तथापि दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीने बधिर तळव्यांस फोड येतात व दर्शनाच्या रांगेत ते कळतही नाहीत. अशांनी पहाटेचे दर्शन घ्यावे, पायांत जाड सुती मोजे घालावेत आणि परतल्यावर आधी तळवे पाहावेत. अनवाणीच्या व्रताऐवजी दुसरे एखादे व्रत घेतले तर देवी रागावणार नाही.

घरातील भगिनींसाठी आणखी दोन शब्द. सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेतून कळ येते आणि दहा पावले चालल्यावर ती कमी होते, ही तक्रार ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणाऱ्या स्त्रियांत नेहमी ऐकू येते. तळव्याखालच्या स्नायुबंधाला ताण पडून हे दुखणे होते. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे ताठ ठेवून पोटरी ताणावी. तळव्याखाली बाटली घेऊन मागेपुढे फिरवावी. आणि कठीण फरशीवर उभे राहताना मऊ चप्पल घालावी. बहुतेकींना काही आठवड्या-महिन्यांत यानेच गुण येतो. तसेच पायांवर सूज असताना जोडवी व मासोळ्या घट्ट होऊन बोटात रुतत नाहीत ना, हे पाहावे आणि त्यांच्याखालची जागाही धुऊन कोरडी करावी. सौभाग्यलेणे क्षणभर उतरवून ठेवल्याने सौभाग्यास बाध येत नाही.

तंबाखूविषयी निपाणीच्या शेजारी राहून बोलणे अवघड, पण बोलणे प्राप्त आहे. विडी-सिगारेटने पायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. ऐन तिशी-चाळिशीतील पुरुषांची बोटे केवळ विडीपायी काळी पडून गेल्याची उदाहरणे आपल्या देशात कमी नाहीत. चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबले की उतरतो, असे होत असेल तर ते वय झाल्याचे लक्षण समजून स्वस्थ बसू नये. रक्तपुरवठा तपासून घ्यावा आणि विडी त्याच दिवशी सोडावी.

मधुमेही व्यक्तींनी वर्षातून एकदा तरी डॉक्टरांसमोर चपला-मोजे काढून पाय पुढे करावेत. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून डॉक्टर संवेदना अजमावतात आणि पावलावरची नाडी पाहतात. ही परीक्षा काही मिनिटांची आणि बिनदुखण्याची आहे. ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी ती तीन ते सहा महिन्यांनी करवावी. आणि जखम झालीच, तर स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून, त्या पायावर न चालता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, कॉफीची पूड, तपकीर यांपैकी काहीही तिच्यात भरू नये. आप्पांनी घालविलेला तो एक आठवडाच त्यांना महाग पडला.

घरातील वडीलधारी मंडळी आपले दुखणे सहसा सांगत नाहीत, आणि जे दुखतच नाही ते तर सांगणार तरी कसे? तेव्हा तरुण वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे: आजी-आजोबांना, आई-वडिलांना नमस्कार करताना नुसता पायांना हात लावून उठू नका. जरा खाली बसा, ते पाऊल हलकेच उचलून हाती घ्या, आणि त्याचा तळवाही पाहा.